बसलेल्या माणसाची तुकडी

मी फिजिओथेरपिस्ट आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "तेल तुम्ही आणणार की आम्ही द्यायचं?" सुरुवातीला मी समजावून सांगत असे की मी मालीश करत नाही, मी व्यायाम करून घेते, वगैरे. पुढे कंटाळा आला. "तेल फोडणीला राहू द्या," एवढंच म्हणायचे आणि चपला काढून आत शिरायचे.

वसईपासून विरारपर्यंत सव्वीस वर्षं स्कूटरवरून घरोघर हिंडून हे काम केलं. माझे बहुतेक पेशंट सत्तरीच्या पुढचे. कुणी पडलेलं, कुणी तापातून उठलेलं, कुणाला काहीच झालेलं नाही पण वर्षभरात अंग उतरत जाऊन खुर्चीतून उठता येईनासं झालेलं. मुलं म्हणायची, "वय झालं." या दोन शब्दांचा मला इतका राग यायचा की विचारू नका. वय काही एका महिन्यात होत नाही. महिनाभर खाटेवर पडून राहिलं तर मांडीचा स्नायू मात्र झरझर आटतो, आणि म्हातारपणी तो आपोआप परत येत नाही. हाडांचंही तसंच. स्नायूंनी ओढलं, अंगाचा भार पडला, तर हाडं धरून राहतात. नुसत्या गोळ्यांनी काम भागत नाही. म्हणून माझा व्यायाम साधा असायचा: खुर्चीतून हात न टेकता उठा आणि सावकाश बसा. दिवसातून कितीदा ते मी सांगायचे, आणि कागदावर खुणा करायला लावायचे.

त्या खुणांची एक गंमत सांगते. वटारला एक ईनासकाका होते, केळीची वाडी, सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांचा कागद माझ्या सगळ्या पेशंटांत नीटनेटका, एकही दिवस चुकलेला नाही. आणि पाय मात्र होते तसेच. महिन्याभरानं उलगडा झाला. काका खुर्चीत बसून आकडे मोजायचे आणि उठबस काकू करायच्या. काकूंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "घरातल्या एकानं केलं म्हंजे झालं ना," त्या म्हणाल्या. त्यांचे गुडघे खरोखर सुधारले होते. मी कागद काकूंच्या नावावर केला आणि काकांसाठी नवा काढला.

असे नग भेटतात म्हणूनच हे काम इतकी वर्षं झालं. पण या लेखात सांगायचंय ते अर्नाळ्याच्या जनाबायबद्दल, कारण तिच्या घरी मला माझ्याच कामातली एक मोठी चूक सापडली.

जनाबाय तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. जन्म मासळी विकण्यात गेलेला, डोक्यावर टोपली घेऊन विरारच्या बाजारात पन्नास वर्षं. होळीच्या आधी बंदरावर ओल्या फरशीवर पाय सरकला आणि डावं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि हाताला विश्रांती सांगितली. घरच्यांनी ती सगळ्या अंगालाच दिली. सहा आठवडे तिला खाटेवरून हलू दिलं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून दिला. सगळं मायेनंच. हात जुळला आणि पाय गेले.

एप्रिलच्या मध्याला मला बोलावणं आलं. घरात मोठा मुलगा हरेश, तो बोटीवर जाणारा, आणि त्याची बायको सुशीला, ती मासळी विकणारी. धाकटा दिनेश नालासोपाऱ्यात फ्लॅट घेऊन राहत होता, तो कंपनीत होता. मी जनाबायला खुर्चीतून उठायला सांगितलं. दोन्ही हात रेटून, मान पुढे काढून ती कशीबशी उठली. मांडी चाचपली तर कातडी आणि हाड, मध्ये फारसं काही नाही.

पहिल्या भेटीत मी एक फॉर्म भरत असे. त्यात आहाराचा रकाना होता. मी विचारलं, "बाय, मासे खाता ना रोज?"

ती माझ्याकडे बघून हसली. "काय गो मास्तरीन! कोल्याच्या घरात मासली नाय, तं काय तुज्या घरात?"

मलाही हसू आलं. व्यायाम करून घेणारी म्हणून तिनं मला मास्तरीण करून टाकलं होतं. मी रकान्यात लिहिलं, 'मासे रोज', आणि पान उलटलं. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात, ती दोन्ही वेळच्या जेवणात हवीत, डाळ, अंडं, दूध, मासे, हे भाषण मी शाकाहारी घरांत अर्धा अर्धा तास देत असे. इथे ते कशाला? कोळीवाड्यात जाऊन मासे खा सांगायचं म्हणजे स्वतःचं हसं करून घ्यायचं.

मी आठवड्यातून तीन दिवस जायचे, सकाळी साडेदहाला. पहिल्या आठवड्यात ती हात टेकून पाचदा उठली. तिसऱ्या आठवड्यातही पाच. मग चार. मला कळेना. टाळाटाळ करत असेल असं वाटून मी तिला बोलले, "मी नसताना करत नाही तुम्ही."

"करतंय गो," ती म्हणाली. "पायच ऐकत नाय त्याला मी काय करू?"

मी विश्वास ठेवला नाही. आणखी दोन व्यायाम वाढवले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात उठता उठता तिचे पाय मुडपले. मी धरलं म्हणून पडली नाही, पण तिच्यासकट मीही जमिनीवर बसले. तिला उठवायला मला शेजारच्या बायकांना हाका माराव्या लागल्या.

ही गोष्ट दिनेशच्या कानावर गेली आणि तो रविवारी आला. मुलगा वाईट नव्हता. त्यानं सरळ हिशेब मांडला. "मॅडम, सीझन परत चालू झाला की दादा बोटीवर, वहिनी बाजारात. दिवसभर आई एकटी. पडली तर कोण बघणार? माझ्याकडे मिसेस घरी असते. मी तिला घेऊन जातो, टेन्शनच नको."

"कितव्या मजल्यावर?" मी विचारलं.

"चौथ्या. लिफ्टचं काम व्हायचंय अजून."

जनाबाय भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही, तशीच म्हणाली, "वर नेशील रं. चौघं धरून नेशील. खाली कदी आनशील ते सांग."

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. चौथ्या मजल्यावर चढवलेली माझी कितीतरी माणसं मी शेवटपर्यंत चौथ्या मजल्यावरच पाहिली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई दारातून समुद्र दिसणाऱ्या या घरात. मी मध्ये पडले. बोटी नारळी पौर्णिमेनंतर जाणार, तोवर मासेमारीला पावसाळी बंदी, माणसं घरी. तेवढी मुदत द्या. एकटी असताना पडली तरी स्वतःची स्वतः जमिनीवरून उठू शकते एवढं मी करून दाखवलं, तर आईला इथेच ठेवा. नाही जमलं तर न्या, मी अडवणार नाही. दिनेश कबूल झाला. बोलून बसले खरी, पण काय कबूल केलं ते घरी जाताना ध्यानात आलं. पाचावरून चारावर आलेल्या बाईला मी जमिनीवरून उठवणार होते.

दोन दिवसांनी स्कूटर आगाशीला पंक्चर झाली आणि साडेदहाऐवजी मी एकच्या सुमाराला पोचले. सुशीला बाजारातून यायची होती, हरेश बंदीआधीच्या शेवटच्या फेरीला गेलेला. जनाबाय खाटेवर ताट घेऊन एकटी जेवत होती. ताटात भात आणि लाल कालवण. बाकी काही नाही.

"आज मासे नाहीत वाटतं?" मी म्हटलं.

"हायत की." तिनं हनुवटीनं पातेल्याकडे खूण केली. मी झाकण काढलं. आत सुरमईच्या पाच तुकड्या होत्या, चांगल्या तळहाताएवढ्या.

"मग घेतली का नाही?"

ती मला समजावणीच्या सुरात म्हणाली, "ती कामाच्या मानसाची. हरेश बोटीवर जातंय, सुशी बाजारात उभी रेते. बसलेल्या मानसाला तुकडी कशाला? कालवन पुरे."

"कधीपासून असं जेवताय?"

"पडले तवापासून. आमच्यात तसंच हाय गो. माजी सासू बसली तवा तीपन कालवनच खायची. ती मागायची का माज्याकडं तुकडी?"

तेवढ्यात सुशीला आली. मी तिला विचारलं तर ती बिचारी टोपली हातात घेऊनच उभी राहिली. "मी दोन तुकड्या यांच्या नावानं ठेवून जाते मॅडम. संध्याकाळी तशाच असतात. मला वाटायचं, वय झालं, भूक मेली." आणि ती रडायला लागली.

मला सुशीलाचा राग आला नाही. मला माझा राग आला. पेशंट मासळी विकणारी, घर मासळीचं, आणि तिच्या ताटात तुकडी आहे का हे मी सहा आठवड्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. मी 'मासे खाता ना' विचारलं होतं आणि घरात मासे आहेत एवढ्या उत्तरावर पान उलटलं होतं. अडीच-तीन महिने भात-कालवणावर असलेल्या बाईकडून मी उठबशा काढून घेत होते, आणि वर तिला खोटारडी ठरवत होते. अन्नावाचून व्यायाम म्हणजे होता तोही स्नायू झिजवणं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं.

त्या रात्री मला जूचंद्रचे बाळारामआजोबा आठवले. त्याच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. मिठागरात काम केलेला आडदांड माणूस, पण न्यूमोनियानंतर खाटेला लागला. व्यायाम सांगितला की डोळे मिटून घ्यायचे. दीड महिना मी डोकं फोडलं आणि मग वहीत लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही', आणि जाणं बंद केलं. पुढचे गणपती त्यांनी पाहिले नाहीत. त्या घरात मी गेले की त्यांच्या उशाशी चहाचा कप आणि बिस्किटं दिसायची, दुपारी मऊ खिचडी, म्हाताऱ्याला हलकं हवं म्हणून. ते सगळं मला दिसत होतं आणि मी बघत नव्हते. त्यांना डोळे उघडे ठेवायची ताकद होती का, हे मला आता कधीच कळणार नाही. ती वही मी अजून टाकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आधी जनाबायच्या डॉक्टरांना फोन केला. मूत्रपिंडाला त्रास असलेल्यांना प्रथिनं वाढवताना जपावं लागतं, म्हणून तपासणी करून घेतली. सगळं ठीक होतं. ड जीवनसत्त्व मात्र फार कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. रक्तदाब होता म्हणून खारवलेली मासळी नको, पण नुसते उन्हात वाळवलेले बोंबील आणि जवळा चालेल म्हणाले. जवळा, म्हणजे ती इवलीशी सुकी कोळंबी, तर अख्खाच खायचा, कवचासकट, त्यातून हाडांना लागणारा चुनाही जातो अंगात. दिनेशनं प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणला होता. जनाबायनं तो हुंगला आणि मांजरापुढे ठेवला. मांजरानंही तोंड फिरवलं.

खरी अडचण निराळीच होती. जिन्नस घरात होते, पण ती खाईना. मी रागावले, सुशीलानं हातापाया पडून पाहिलं, हरेशनं परत आल्यावर शपथ घातली. ती एकच म्हणे, "फुकटची तुकडी गल्यातनं उतरत नाय." मी म्हटलं, व्यायाम करता हे कामच आहे. तर म्हणाली, "खुर्चीवर बसायचं नि उठायचं, ह्याला कोन काम म्हनतं? येड्याला सांग."

मार्ग सुशीलानं काढला. मला सुचला असता तर आज मी छाती पुढे काढून सांगितलं असतं, पण नाही सुचला. मेची अखेर, पावसाआधी जवळा वाळवून भरून ठेवायची घाई. सुशीला एका सकाळी म्हणाली, "आय, मला एकटीला उरकत नाय. जवळा निवडून दे." आणि अंगणात, उन्हात, सासूला खुर्चीवर बसवून पुढ्यात सूप दिलं. जनाबायनं तासभर जवळा निवडला. त्या दुपारी सुशीलानं ताटात तुकडी वाढली. जनाबायनं ती खाल्ली.

मग मी माझा व्यायामाचा कागद फाडला आणि त्या घराची कामं घेऊन नवा मांडला. निवडलेला जवळा भरायचा डबा हाताशी ठेवायचा नाही, मागच्या फळीवर ठेवायचा, म्हणजे दर सुपाला उठावं लागेल. डबा आधी रिकामा, मग अर्धा, मग भरलेला. दर आठवड्याला बसायची जागा थोडी खाली: खुर्चीवरून स्टूल, स्टुलावरून पाट. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं, ते मात्र तिनं माझ्यासाठी केलं. "हे तुज्या पोटासाठी करतंय हां," असं म्हणून. पाऊस लागल्यावर घरात बोंबील निवडले, डबे पुसले, जाळ्याचे तुकडे उसवले. सकाळी अंडं, दुपारी मासळी नाहीतर जवळ्याची चटणी आणि डाळ, रात्री पुन्हा तसंच काही. जूनमध्ये फारसा फरक दिसला नाही, इतक्या लवकर दिसतही नाही. जुलैच्या मध्यावर ती खुर्चीतून हात न लावता आठदा उठली. नवव्या वेळी मी नको म्हटलं तर मलाच दटावलं.

जमिनीवरून उठणं ही वेगळी विद्या आहे. उताणं पडलेल्या माणसानं आधी कुशीवर व्हायचं, कोपरावर रेटून चार पायांवर यायचं, रांगत एखाद्या भक्कम वस्तूजवळ जायचं, एक पाऊल पुढे रोवायचं आणि मग वर. तिचं डावं मनगट कच्चं होतं, म्हणून आम्ही सगळा भार उजवीकडून शिकलो. दहा वेळा केलं तर सहा वेळा जमायचं.

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी दिनेश रिक्षा घेऊन आला. बायकोनं आईसाठी खोली लावून ठेवलीय म्हणाला. जनाबायच्या लुगड्यांची पिशवी कोपऱ्यात भरून ठेवली होती, तिची तिनंच. ती चटईवर उताणी झोपली. कुशीवर झाली. चार पायांवर आली, पाऊल रोवलं, अर्धी उठली आणि गुडघा थरथरून खाली बसली. दिनेश पुढे झाला.

"हात लावू नको," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तो जागीच थांबला.

ती थोडा वेळ तशीच टेकून बसली. मग तिनं पुन्हा कोपर टेकलं, पाऊल रोवलं, खाटेची कड धरली आणि उभी राहिली. पदर सारखा केला. दिनेशनं डोळे पुसले आणि पिशवी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. रिक्षावाल्याला सुशीलानं चहा दिला.

त्यानंतर मी प्रत्येक घरी मुद्दाम जेवणाच्या वेळी जाऊ लागले. लोकांना वाटायचं, बाई जेवायला टपलीय. वाटू दे. मी ताटं बघायचे आणि कोण कुणासाठी काय मागे ठेवतं ते बघायचे. एक-दोन वर्षंच तसं काम करता आलं. मग माझाच उजवा गुडघा बदलावा लागला आणि स्कूटर भाचीला देऊन टाकली.

ऑपरेशनला दीड महिना झाला असेल. मी एकटीच राहते. व्यायाम मी करत होते, म्हणजे आठवेल तेव्हा. दुपारी दार वाजलं. काठी टेकत उठून उघडलं तर दारात सुशीला आणि तिच्या पुढे जनाबाय, हातात डबा. खाली रिक्षा उभी होती. तिनं माझी चौकशी केली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण काढलं.

"काय हाय ह्ये?"

"मऊ भात," मी म्हटलं. "दिवसभर बसूनच असते मी, बाय. एकटीसाठी कशाला रांधायचं आणखी?"

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. मला इतकी लाज बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

जनाबायनं ताट घेतलं, डब्यातल्या दोन्ही तुकड्या माझ्या ताटात वाढल्या आणि समोर पाट ओढून बसली. मी काटे काढून शेवटचा घास खाईपर्यंत हलली नाही. मग एक हात गुडघ्यावर ठेवून उठली, माझी काठी उचलून दूर भिंतीला लावली आणि माझ्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"आता तू," ती म्हणाली.